स्मारक उचलण्याआधी रस्ता बघा

प्रति,
रस्त्याकडेच्या स्मारकांचे नियम ठरवणारे अधिकारी व समिती सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

मी रस्तेदेखभालीच्या कामात ३१ वर्षं काढली. खड्डे बुजवले, गटारं उपसली, कठडे रंगवले. अपघातात गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या घरच्यांनी रस्त्याच्या कडेला जे काही उभं केलं होतं, तेही उचलून ट्रकमध्ये टाकलं. या शेवटच्या कामाला आमच्या कागदांत वेगळं नाव नव्हतं. 'साइडपट्टी साफ करणे' एवढी एक ओळ. वाढलेलं गवत, फाटके टायर, गाडीखाली आलेली जनावरं आणि कुणाच्या तरी मुलाचा फ्रेम केलेला फोटो, सगळं त्याच ओळीत बसायचं.

आता अनेक ठिकाणी अशा स्मारकांसाठी लेखी नियम होत आहेत. होऊ देत. नियम नसतात तेव्हा मुकादमाची त्या दिवशीची मर्जी हाच नियम असतो, आणि मुकादमाच्या वरच्या खुर्चीत बसून मी तो चालू दिला आहे. पण जे मसुदे माझ्या वाचनात आले ते वस्तूपाशीच सुरू होतात आणि वस्तूपाशीच संपतात. उंची किती, कडेपासून अंतर किती, दिवस किती, सही कोणाची. ती वस्तू ज्या जागी उभी आहे त्या जागेबद्दल त्यांत अवाक्षर नाही. माझं सगळं म्हणणं त्या जागेबद्दल आहे.

त्याआधी तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करून टाकतो, नाहीतर म्हातारा हळवा झाला म्हणून पत्र बाजूला ठेवाल.

ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. पाटीवरचं नाव वाचायला चालकाने दोन सेकंद मान वळवली की ४४ मीटर रस्ता त्याने न बघताच पार केला. वेगवान रस्त्याच्या कडेला साधारण ९ मीटरची पट्टी मोकळी ठेवावी, हा हिशेब अमेरिकेत १९६०च्या दशकात मांडला गेला. रस्ता सोडून बाहेर गेलेल्या बहुतेक गाड्या तेवढ्या अंतरात सावरतात, मध्ये काही आडवं आलं नाही तर. त्या पट्टीत कुणी प्रेमापोटी सिमेंटचा चौथरा बांधला की पुढची घसरलेली गाडी त्यावरच आपटायची. असे चौथरे मी फोडले आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दगड, काँक्रीट, लोखंडी अँगल, जाड लाकडी खांब यांना सरळ मनाई करा. धडक बसली तर मोडून पडेल आणि काच फोडून आत शिरणार नाही, असंच हलकं साहित्य चालू द्या. रात्री चमकणारे पट्टे नकोत, वळणाच्या बाणांशी गल्लत होते. वाळल्या गवतात पेटता दिवा नको.

आणि एक धोका, जो मला मसुद्यांत जवळपास दिसतच नाही. फुलं ठेवायला येणारी आई. ती रहदारीकडे पाठ करून बसते. डोळे भरलेले, गाडी अर्धी साइडपट्टीवर आणि अर्धी रस्त्यावर, बरोबरचं लहान पोर कंटाळून कडेकडेने पळतंय. ज्या वळणावर घरातला एक जीव गेला त्याच वळणावर दरवर्षी त्या तारखेला अख्खं कुटुंब उभं असतं. आमची माणसं अशा जागी फावडं मारण्याआधी शंकू मांडतात, लाल झेंडा घेऊन माणूस उभा करतात. त्या बाईसाठी कोण झेंडा धरतं? परवानगी देणार असाल तर गाडी कुठे लावायची आणि कुठून चालत यायचं हे त्याच कागदावर लिहून द्या. जागा फारच वाईट असेल तर स्मारक थोडं पुढे, थांबता येईल अशा ठिकाणी न्या. यात आठवणीचा काही अपमान होत नाही. जेम्स डीन हा नट १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या चोलेमजवळच्या तिठ्यावर मोटार अपघातात गेला. त्याचं स्टीलचं स्मारक १९७७ पासून त्या तिठ्यापासून काही अंतरावर, गाड्या आत घेऊन थांबतात तिथे आहे, आणि लोक तिथे जातातच. घरची माणसंही ऐकतात, समोर बसून सांगितलं तर. खांबाला नोटीस चिकटवून कुणी ऐकत नाही.

आता लक्ष विचलित होण्याचा मुद्दा. तो जितक्या ठामपणे मांडला जातो तितका पुरावा त्याच्यामागे नाही. कॅनडातल्या कॅलगरी शहरात संशोधकांनी चौकांत मुद्दाम नकली स्मारकं उभी करून मोजणी केली. आधीच्या सहा आठवड्यांच्या तुलनेत नंतरच्या सहा आठवड्यांत लाल दिवा तोडण्याचं प्रमाण १६.७ टक्क्यांनी घटलं. वेगवान मार्गावर केलेल्या दुसऱ्या पाहणीत वेगावर लक्षणीय परिणाम दिसला नाही, ना चांगला ना वाईट. मोजक्या चौकांवरून जगाचा निवाडा करू नये हे मलाही कळतं. पण 'अपघात होतील' या एका वाक्यावर सरसकट बंदी लिहिणाऱ्यांनी निदान एवढं सांगावं की शेजारचा भलामोठा जाहिरात फलक मग काय शोभेला आहे. तो तर वाचला जावा म्हणूनच लावलेला असतो.

गंमत अशी की मृत्यू पुरेसा जुना झाला की आपलीच व्यवस्था स्मारकाला मान देते. न्यूयॉर्कमध्ये १३ सप्टेंबर १८९९ रोजी हेन्री ब्लिस ट्रामगाडीतून उतरताना विजेवर चालणाऱ्या टॅक्सीखाली सापडले. अमेरिकेतला मोटारीने झालेला पहिला नोंदलेला मृत्यू तो. बरोबर शंभर वर्षांनी, १९९९ साली, त्या कोपऱ्यावर फलक लागला. लंडनजवळ हॅरो इथल्या उतारावर फेब्रुवारी १८९९ मध्ये ब्रेक दाबताना मागचं चाक निखळून मोटार उलटली आणि चालक गेला. तिथे १९६९ साली फलक बसला, वर मोठ्या अक्षरांत 'सावध राहा' असं बजावून. हे फलक बघून कुणाचं लक्ष उडेल अशी चिंता कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शंभर वर्षांपूर्वीचा मृत्यू वारसा ठरतो आणि गेल्या महिन्यातला अतिक्रमण.

वेगवेगळ्या ठिकाणी काय चालतं हे तुम्ही पाहिलं असेलच, तरी मला महत्त्वाचं वाटलं ते सांगतो. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात अशा स्मारकाला 'देस्कान्सो' म्हणतात. शब्दाचा अर्थ विसावा. शवपेटी खांद्यावरून नेताना लोक दम खायला जिथे ती खाली टेकवत, तिथे खूण ठेवत, त्यावरून हे नाव आलं. तिथे देस्कान्सोची जाणूनबुजून मोडतोड करणं कायद्याने गुन्हा आहे. डेलावेअर राज्याने वाट वेगळी काढली. रस्त्याच्या कडेला मनाई, त्याऐवजी स्मर्ना इथल्या विश्रांतीस्थळाजवळ स्मृतिबाग, आणि तिथल्या विटांवर गेलेल्यांची नावं. फ्लोरिडात परिवहन खातंच एकसारखी गोल पांढरी पाटी लावतं, 'जपून चालवा' आणि सोबत नाव. धर्मचिन्हांचा प्रश्नही सुटलेला नाही. युटा राज्यात कर्तव्यावर मेलेल्या महामार्ग पोलिसांसाठी सुमारे १२ फूट उंच क्रॉस सार्वजनिक जागेत उभारले होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला. माझं मत विचाराल तर घरच्यांनी लावलेलं लहानसं चिन्ह राहू द्यावं, सरकारने लावलेल्या पाटीवर कुठलंच चिन्ह नसावं. याहून जास्त यात शिरायची माझी तयारी नाही.

मला सगळ्यांत पटली ती मोंटाना राज्यातली पद्धत. तिथे अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना १९५३ पासून रस्त्याकडेला लहान पांढरे क्रॉस लावते. एका मृत्यूला एक क्रॉस. एका गाडीत चार माणसं गेली तर एकाच दांड्यावर चार. तुम्ही गाडी चालवत जाता, तीन किलोमीटर काही नाही, आणि मग एका वळणावर सहा. नाव वाचायची गरज पडत नाही. मोजलं की कळतं. रस्ता बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या माणसाला तर त्याहून जास्त कळायला हवं.

इथून माझ्या मूळ गाऱ्हाण्यावर येतो.

आमच्या हद्दीत एक वळण होतं. लांब उतार संपता संपता रस्ता वळायचा, एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला शेतं. तिथे एक तरुण मोटारसायकलवरून घसरून गेला. महिन्याभरात कडेला एक खुंटी आली, तिच्यावर त्याचं हेल्मेट, खाली पत्र्याची नावाची पाटी. आम्ही ते उचललं. पुन्हा आलं, या वेळी दुसरं हेल्मेट. पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा पाटीशेजारी एक वयस्कर गृहस्थ उकिडवे बसले होते, हातात खुरपं. मुलाचे वडील. मी तयारीतच होतो, आता शिव्या ऐकायच्या म्हणून. ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही हे ठेवता कुठे?"

मी म्हणालो, "काका, जमा होतं ऑफिसात." खोटं होतं. ते राडारोड्याबरोबर खड्ड्यात जायचं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खुरपं घेऊन बसले. मला वाटलं ते स्मारकाभोवतीचं गवत काढताहेत. कामगारांनी खुंटी उपटली, पाटी ट्रकमध्ये टाकली, आणि आम्ही निघालो तरी ते तिथेच खुरपत होते.

ते काय करत होते हे मला पुढच्या पावसात कळलं. दुसऱ्याच कुठल्या कामाला जाताना मी भर पावसात त्या वळणावरून गेलो. टेकडीकडचं गटार मातीने भरलेलं, रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपाचं तोंड बुजलेलं, आणि टेकडीवरचं सगळं पाणी रस्त्यावरून आडवं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चादरीसारखं वाहत होतं. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते हे तुम्ही जाणताच. टेकडी त्याच बाजूला असली आणि गटार तुंबलं की पाण्याला पूर्ण रस्ता ओलांडल्याशिवाय वाट नाही. नेमकं जिथे मोटारसायकल कलते तिथे. फक्त एका जागी पाइपाच्या तोंडाशी वीतभर माती काढलेली होती. खुरप्याने. काका स्मारक साफ करत नव्हते. दर महिन्याला येऊन आमचं गटार उपसत होते.

अपघाताच्या कागदांत लिहिलं होतं 'भरधाव वेग, चालकाचे नियंत्रण सुटले'. आमच्या वह्यांत त्या वळणाबद्दल एकही तक्रार नव्हती. आमची पाहणी व्हायची कोरड्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, गाडीत बसून. त्या हवेत, त्या वेळेला ते वळण अगदी शहाण्यासारखं वागायचं. आणि तक्रार नव्हती असं तरी कसं म्हणू? ती खुंटीवर टांगून तीनदा आमच्यासमोर ठेवली होती. तिन्ही वेळा आम्ही ती ट्रकमध्ये टाकली. साप समोर होता आणि आम्ही भुई धोपटत होतो.

नंतर मोठा पाइप टाकला, गटार पक्कं केलं. त्याने किती जीव वाचले ते सांगता येणार नाही. न झालेल्या अपघाताची नोंद कुठल्या वहीत करणार? ग्रीसमध्ये मात्र रस्त्याकडेला चर्चच्या आकाराच्या छोट्या पेट्या असतात, आत तेलाचा दिवा, त्यांना 'कांदिलाकिया' म्हणतात. काही गेलेल्यांसाठी असतात आणि काही थोडक्यात वाचलेल्यांनी कृतज्ञतेने लावलेल्या. बाहेरून बघून कोणती कशासाठी ते ओळखता येत नाही. रस्ते खात्याच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच आहे, इथे काहीतरी घडतं.

म्हणून मागणी एकच आहे, बाकीची तिच्या पोटातली. स्मारकासाठी आलेला प्रत्येक अर्ज, आणि अर्जाविना उभं राहिलेलं प्रत्येक स्मारक, हे त्या जागेबद्दलची लेखी तक्रार समजा. त्याला तक्रारीचा क्रमांक द्या. स्मारक ठेवायचं की काढायचं हे ठरवण्याआधी जागेची पाहणी करा, आणि ती अपघाताच्या वेळेला, अपघाताच्या हवेत करा. रात्री गेला असेल तर रात्री जा. पावसात गेला असेल तर पावसात जा. पायी माणूस गेला असेल तर गाडीतून उतरून तो जिथून रस्ता ओलांडत होता तिथून तुम्हीही ओलांडून बघा, आणि दिवसभर फुटपाथवर उभं राहून बाकीचे कुठून ओलांडतात तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली रस्त्यांवर जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पायी, सायकलवर किंवा दोन-तीन चाकी मोटारवाहनांवर होती. रस्ता गाडीच्या काचेतून बघितला तर यांचा मृत्यू कशाने झाला ते दिसत नाही.

पाहणी ज्याच्या हाताखाली तो रस्ता आहे त्याने करू नये. मी स्वतः केली असती तर 'वेग' असंच लिहिलं असतं. पाहणीत जे निघालं ते घरच्यांना लेखी कळवा, दोष सापडला नाही तरी कळवा. आणि स्मारक गेलं तरी नोंद जाऊ देऊ नका. रस्त्याच्या नकाशावर ती कायम राहिली पाहिजे, म्हणजे दहा वर्षांनी नवीन इंजिनिअर त्याच वळणावर येईल तेव्हा त्याला मोंटानासारखे क्रॉस मोजता येतील, भले कागदावर का होईना.

किती दिवस ठेवायचं, यावर फार डोकं खाजवू नका असं मला वाटतं. सुरुवातीला वर्षभर द्या, मग विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक स्मारकं आपणहून ओसरतात. येणं कमी होतं, रंग उडतो, एक दिवस घरचेच म्हणतात, न्या आता. जी ओसरत नाहीत त्यांच्यामागे बरेचदा कुणाचा तरी न ऐकलेला मुद्दा असतो. अर्जाला शुल्क ठेवू नका. आणि ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज तुमच्या माणसाने लिहून घ्यावा.

दोन कुटुंबांचा वाद कधी कधी येतो, तोही गृहीत धरा. एकाच धडकेत दोघं गेलेले असतात. एका घरचे स्मारक लावतात, दुसऱ्या घरचे ते उखडतात, कारण पाटीवर 'बेदरकार चालकाचा बळी' असं लिहिलेलं असतं आणि तो चालक यांचा मुलगा असतो. पाटीवर नाव आणि तारीख याखेरीज काही नको, हा एवढा नियम केलात तरी बरंच निभावेल. त्या चालकाच्या आईला दुसरी पाटी लावू द्या. तिचंही माणूस तिथेच गेलं.

व्याख्या करताना मात्र जपा. २००३ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात कुणीतरी सायकलस्वार पडला तिथे पांढरी रंगवलेली सायकल उभी केली, आणि ती पद्धत जगभर गेली. 'भूत सायकली' म्हणतात त्यांना. न्यूयॉर्कच्या सफाई खात्याने २०१० साली बेवारस भंगार सायकली उचलण्याचे नियम आखले तेव्हा या पांढऱ्या सायकलीही त्यात सापडणार होत्या. लोकांनी विरोध केला आणि त्या भंगाराच्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. बघायला गेलं तर चाकं जाम, गंज चढलेला, मालक नाही. भंगाराच्या सगळ्या कसोट्या ती सायकल पास होते. 'साइडपट्टी साफ करणे' या ओळीत माझ्या त्या हेल्मेटचंही हेच झालं होतं.

काढावंच लागलं तर आधी कळवा, फोन करून, माणूस पाठवून. शक्य असेल तर घरच्यांनाच काढू द्या, आपली माणसं बाजूला उभी ठेवा. ते आले नाहीत तर जपून ठेवा आणि कुठे ठेवलंय ते कळवा. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी रस्त्यावर बळी गेलेल्यांचा जागतिक स्मृतिदिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली त्याला मान्यता दिली आहे. त्या दिवशी मेणबत्त्या लावणाऱ्या खात्याच्या गोदामात वर्षभरात गोळा झालेल्या पाट्या कुठे आहेत, हे कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं.

काकांनी चौथी पाटी लावली ती मी उचलली नाही. पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा ती काढावी लागली. तोपर्यंत काका राहिले नव्हते, घरचा पत्ता बदललेला. ती मी ऑफिसच्या कपाटात ठेवली. निवृत्त होताना नव्या साहेबांकडे कपाटाचा चार्ज दिला. टेप दोन, लेव्हलचं यंत्र एक, किल्ल्यांचा जुडगा, मोजमाप वह्या अकरा. मग पाटी आली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "ही कोणत्या रकान्यात लिहू?"

मी म्हणालो, सध्या 'इतर'मध्ये लिहा. तुमच्या नियमांत तिच्यासाठी रकाना असेल तर तेवढं त्यांना कळवा. ती पाटी अजून तिथेच असेल.

आपला,
रस्तेदेखभालीतला एक निवृत्त पर्यवेक्षक